अब्बांच्या हाताचा थर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हमीदाबींनी करसाथ कंबरेला बांधला, त्याच्या पट्ट्या दोन्ही मनगटांवर चढवल्या आणि चहाचे आधण ठेवले. मिरजेत करसाथ वापरणारे आता शे-दीडशे जण होते. बहुतेकांचे यंत्र पाणी उकळण्यापूर्वी जागे होई. हमीदाबींचे सत्तावीस वर्षे जुने. ते तिसऱ्या खेपेला सुरू झाले, तोवर निम्मी साखर ओट्यावर सांडली होती.

करसाथ म्हणजे हातांचा कंप शमवणारा चिमुकला संगणक. हात पुढच्या क्षणी कुठे जाऊ पाहतो, हे तो स्नायूंतल्या विद्युत्संकेतांवरून ओळखतो. हेतू तेवढा पुढे जाऊ देतो आणि थरथर उलट्या स्पंदनाने मोडून काढतो. त्यासाठी तो आपल्या माणसाचा हात वर्षानुवर्षे शिकत राहतो. हमीदाबी तंबोऱ्याची जवारी लावत. म्हणजे ज्या घोडीवर तारा टेकतात तिचा माथा कानशीने असा घासत, की सूर भरून, गुंजत यावा. तिथे केसभर चूक खपत नाही. आणि गेल्या महिन्यात दोनदा हात ऐन कानशीवर गोठला होता. बनवणाऱ्या कंपनीने हे मॉडेल केव्हाच सोडून दिले होते.

नऊ वाजता ते दुरुस्त करायला डॉ. वैजयंती सोमण आल्या. सांगलीच्या एका महाविद्यालयात त्या अशा यंत्रांचाच विषय शिकवत. त्यांनी दोन नव्या डिस्क बसवल्या: एक प्रणालीसाठी, दुसरी हाताच्या शिकवणीसाठी. यंत्र हट्टाने जुन्या डिस्कवरूनच सुरू होऊ लागले, तेव्हा कुठल्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचे, तो क्रम त्यांनी बदलला. तासाभरात नवी प्रणाली उभी राहिली. मग जुनी शिकवण उतरवून घेण्यासाठी त्यांनी जुनी डिस्क वाचायला घेतली, आणि त्या थबकल्या.

“आपा, हा करसाथ आधी कुणाचा होता?”

“अब्बांचा. नऊ वर्षं. हा कंप आमच्या घराण्यातच आहे. ते गेले, अन् मी बांधला.”

“त्यांच्या हाताच्या शिकवणीचा थर कुणी पुसलाच नाही. तुमचा त्याच्यावर साचत गेला. एरवी यंत्र तुमचा वापरतं, पण कानस हातात आली, की त्यांचा.”

अठरा वर्षे दूरदूरचे गवई हमीदाबींच्या जवारीसाठी मिरजेला येत होते. त्या एकदम हसल्या. “म्हणजे म्हातारा मेल्यावरही मला काम करू देत नव्हता म्हणा की!”

“सगळं जसंच्या तसं उतरवता येईल. किंवा दुसरी डिस्क कोरी ठेवू. थरथर मोडण्यापुरतं यंत्र लगेच शिकेल, हात स्थिर राहील. पण जवारी जमेल की नाही, मला सांगता येणार नाही.”

“कोरी ठेवा, बाई.”

दोन घोड्या वाया गेल्या. तिसरीवर, दुपारी दोनच्या सुमारास, हमीदाबींनी तार छेडली आणि सूर उघडला. अब्बांचा सूर गडद, मधासारखा असे. हा उजळ होता, लांबवर जाणारा.

“गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही,” डॉक्टर म्हणाल्या, “पण काटा आला बघा अंगावर!”

“आमच्यात शागिर्दाची जवारी उस्ताद कानशीच्या एका फटकाऱ्यात सपाट करतो. ज्या दिवशी तो कानस न चालवता खाली ठेवतो, त्या दिवशी शागिर्द कारागीर होतो. अब्बांनी माझी एकही राहू दिली नाही. त्यांचा थर एकदा लावा.”

“आपा, यंत्राला कान नसतात. तुम्ही सुरू केलेली हालचाल ते पुरी करतं, एवढंच.”

“लावा हो.”

हमीदाबींनी कानस उचलली, घोडीवर टेकवली आणि हात सैल सोडला. कानस माथ्याच्या वळणावरून एकदा अलगद, चाचपत फिरली. मग वळली आणि फळीवर निजली.

“ठेवली! बघितलंत? ठेवली त्यांनी!”

“त्यांनी, की तुम्ही?” डॉक्टर करसाथाला जोडलेल्या पडद्याकडे पाहत होत्या. बापलेकीच्या हातांच्या संकेतांच्या रेषा तिथे एकमेकींत अशा मिसळल्या होत्या, की हालचालीची सुरुवात कोणाची हे सापडेना. “हा थर नव्या डिस्कवर घेऊ?”

“नको. घेतला तर जन्मभर प्रत्येक घोडीला त्यांनाच विचारत बसेन. जुनी डिस्क पुसायची. मीच पुसते.”

“थांबा, तो थर अजून तुमच्या हातात चालू आहे. आधी काढते.”

“असू द्या.”

सर्व मजकूर कायमचा जाईल, पुसायचे का, असे पडद्याने विचारले. बोट सरळ ‘हो’च्या कळीकडे गेले. वाटेत ते कुठेही अडले नाही.