नकाशावर राहिलेला डोंगर

जहाजाच्या अरुंद जिन्यात ती वर चढत होती, तो खाली उतरत होता... आणि नेमकं तेव्हाच जहाज हेलकावलं. त्याच्या हातातल्या ट्रेमधला समुद्रतळाचा ओला चिखल तिच्या पांढऱ्या शर्टावर!

"दोन कोटी वर्षांचा आहे," तो ओशाळून म्हणाला. "सहसा... कुणाच्या अंगावर उडत नाही."

तिला हसू आवरेना.

तो भूवैज्ञानिक; जहाजावर सगळे त्याला दगडोबा म्हणत. ती समुद्रतळाचे नकाशे करायची. खाली सोडलेला आवाज तळावर आपटून किती वेळात परत येतो, त्यावरून खोली काढायची. त्या दिवसापासून दगडोबाचा चहा रोज तिच्याच टेबलावर निवू लागला. तो संगणकाच्या पडद्याकडे कमी, तिच्या कपाळावर येणाऱ्या बटेकडे जास्त बघतो, हे तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या नकाशावर आठशे मीटर उंचीचा डोंगर उगवला. आधीच्या कुठल्याही नकाशात तो नव्हता. मोहिमेचे प्रमुख म्हणाले, यंत्राची चूक आहे, पुसून टाका. तिनं सगळी मोजमापं चार वेळा तपासली होती. तिनं पुसायला साफ नकार दिला. प्रमुखांनी खांदे उडवले. दुसऱ्या दिवशी परतायचं होतं, पुरावा कुठून आणणार?

तळावरून दगड खरवडून आणणारी लोखंडी जाळी आता एकदाच खाली जाणार होती. ती पाळी दगडोबाची होती, दोन वर्षं वाट पाहून मिळालेली. त्यानं ती तिच्या डोंगरासाठी देऊन टाकली.

"वेडा आहेस का?" तिनं विचारलं.

"तू चार वेळा तपासलंस ना? मग झालं."

सकाळी जाळी खाली गेली. चार तासांनी वर आली ती काळ्याभोर, काचेसारख्या कडांच्या लाव्हाच्या दगडांनी गच्च भरून. खाली खरंच ज्वालामुखीचा डोंगर होता! डेकवर टाळ्या पडल्या. प्रमुखांनी सगळ्यांसमोर नकाशा तिच्या पुढ्यात ठेवला आणि खाली सही करायला सांगितलं. सही करताना तिची मान ताठ होती, डोळे मात्र भरून आले होते.

गर्दी पांगल्यावर दगडोबा कठड्याशी येऊन उभा राहिला.

"खाली काहीच नसतं तर?" तिनं हळूच विचारलं.

"तर आपलं दोघांचंही हसं झालं असतं. चाललं असतं मला..." तो अडखळला. "आईला कळवलंय मी. म्हटलं, एक मुलगी आहे... बरोबर असली की कुणाचंच ऐकत नाही. आई म्हणाली, घरी घेऊन ये."

वाऱ्यानं बट पुन्हा कपाळावर आली. या वेळी त्यानं ती हलकेच मागं सारली.

"कळव त्यांना," ती म्हणाली, "येतेय म्हणून."