वालाला घातलेलं पाणी

मनालीने टेप विहिरीत सोडली, आणि खालून ती कोणीतरी धरली.

आधी तिला वाटलं, दगडांच्या सांदीत अडकली असेल. तिने हलकाच झटका दिला. खालूनही तसाच हलका झटका आला. विहिरीत सोडलेल्या टेपने असं वागू नये, एवढं विज्ञान तिला येत होतं.

"कोण आहे?" ती वाकून म्हणाली.

"तुमीच सांगा. माझ्या डोक्यावर काय सोडताय?"

अंधाराला डोळे सरावले, तसा आतल्या टप्प्यावर बसलेला एक तरुण दिसला. एका हातात पिंपळाचं उपटलेलं रोप, दुसऱ्या हातात तिच्या टेपचं टोक. केसांत माती, आणि चेहऱ्यावर... चक्क हसू.

"मी पाणी मोजायला आलेय. सोडा ना!"

"सोडतो. पण पाणी कसं आहे ते आधी मला सांगायचं. हिचा एकेक दगड मी बसवलाय."

त्याचं नाव बुद्धभूषण, हाक मारायला भूषण. किन्हवलीच्या पुढचं हे जुनं घर त्यानेच पुन्हा उभं केलं होतं: सागाचे खांब, कुडाच्या भिंती, नळीची कौलं. आता मालक घर आणि भोवतालची शेती विकत होते. घेणाऱ्या होत्या नाशिकच्या एक डॉक्टरबाई. त्यांची एकच अट होती. विहीर उन्हाळ्यात पुरेल की नाही, ते कोणीतरी नीट तपासून सांगावं. कल्याणच्या प्रयोगशाळेतून दुसराच एकजण येणार होता, त्याला ताप आला. मनाली इथल्या जवळच्याच सापगावची, म्हणून तिला पाठवलं.

घर बघताना ती एका खांबापाशी थांबली. कमरेच्या उंचीवर लाकूड गोल झिजलं होतं. तिने त्या खाचेतून बोट फिरवलं.

"का झिजलं असेल? ओळखा," तो म्हणाला.

"इथे गुरं बांधत असतील. दाव्याने घासलंय."

तो तिच्याकडे बघत राहिला. "आजवर आलेल्या सगळ्यांनी या खांबाला टेकून फोटो काढले. खाचेत बोट तुमीच घातलंत."

मनालीने बोट काढून घेतलं. कान उगाचच गरम झाले होते.

"काम घराचं होतं, मग विहीर कशी दुरुस्त केलीत?" तिने विचारलं.

"माझ्या आज्याला हिच्या काठावर चढू देत नव्हते. लांबून ओंजळीत पाणी ओतायचे," तो केसांतली माती झटकत म्हणाला. "मालकांनी काम सांगितलं, तेव्हा म्हटलं, आधी विहिरीत उतरतो. मग घराचं बघू."

तिने टेप फार हळू गुंडाळली.

"आणि घर विकल्यावर?"

"वाईजवळ एक पडकं घर माझी वाट बघतंय. इकडे सौदा झाला की तिकडे निघालो."

तपासणी साधी होती. दिवसभर पंप लावून विहीर उपसायची, आणि रात्रीतून पाणी किती चढतं ते सकाळी मोजायचं. सकाळी मनाली आली, तर पाणी जवळजवळ संध्याकाळी होतं तिथेच, तळाशी. नवलच! आजूबाजूच्या विहिरी भरलेल्या, खालचा खडक पाण्याचा... मग हीच अशी का?

पुढच्या आठवड्यात पुन्हा उपसा, पुन्हा तेच. दोन्ही वेळी त्याने गवती चहा पाजला, पेरू कापून दिले, आणि मोजताना टेपचं टोक धरायला तो नको इतका जवळ उभा राहिला. तिसऱ्या खेपेला निघताना मनालीने कुर्ता दोनदा बदलला, आणि त्याचं कारण स्वतःलाही सांगितलं नाही.

"रात्री कोणी पंप लावतं का?" पोहोचल्यावर तिने विचारलं.

"नाय," तो म्हणाला. कौलांकडे बघून.

डॉक्टरबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, या वेळीही पाणी कमी भरलं, तर घर नको. उपसा झाला. सकाळी धुक्यातून ती पोहोचली, तेव्हा विहिरीच्या खालच्या शेतात बाईजामावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. मालकांची शेती तीच कसायची.

"काय झालं मावशी?"

"काय झालं? माझा वाल कुजवला गो या घर बांधनाऱ्यानं! वालाला कुनी पानी घालतं का? भात काढलं, उरल्या ओलीवर वाल टाकला, दवावर येतो तो. ह्याला खांब कळतात, वाल नाय कळत!"

मनाली बांधावर बसली. माती बोटांना चिकटत होती, वालाची पानं पिवळी पडली होती. बांधाच्या कडेने एक पाइप वर गेला होता, सरळ विहिरीपर्यंत. सगळे आकडे एका क्षणात जुळले.

आधी राग आला. त्याच्या मागोमाग आलं कुतूहल, आणि ते रागापेक्षा हट्टी निघालं. का केलं असेल त्याने?

दोघी वर आल्या. भूषण घराच्या पायरीवर उभा होता. बाईजामावशीचा आवाज त्यानेही ऐकला होता.

"घर विकू नये म्हणून केलंस?" ती त्याला 'तू' म्हणाली, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"नाय. माणसं राह्यला यावीत म्हणून तर घर बांधलं."

"मग?"

नेमका तेव्हाच डॉक्टरबाईंचा फोन वाजला. हात मातीने भरलेले, म्हणून मनालीने स्पीकर लावला.

"आतापर्यंतची सगळी मापं चुकीची आहेत, मॅडम. मधल्या वेळात कोणीतरी पाणी काढत होतं."

"कोण?"

मनालीने भूषणकडे पाहिलं. खोटं तिला बोलायचं नव्हतं, आणि त्याचं नाव... तेही तोंडातून निघेना.

"मी," तो पायरी उतरून फोनजवळ आला. "मी भूषण. पाणी मी काढलं."

"अहो, पण का?"

"पाणी कमी भरलं की मनालीमॅडमना परत यावं लागतं... म्हणून."

पलीकडून उत्तर यायच्या आत अलीकडून बाईजामावशी. "अगो बाई! म्हनून माझा वाल मारला?"

डॉक्टरबाई मोठ्याने हसल्या. "मला विहिरीचं तेवढं खरं सांगा. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

फोन बंद झाल्यावर मनाली हसली नाही. "ज्या विहिरीवर तुझ्या आज्याला चढू दिलं नाही, तिला तू अपुरी ठरवत होतास. माझ्या सहीने."

त्याचा चेहरा उतरला. हे त्याच्या मनातच आलं नव्हतं, ते तिला दिसलं. राग तिथेच थोडा विरघळला. थोडाच.

त्या दिवशी पुन्हा उपसा झाला. संध्याकाळी मनालीने पंपाचा फ्यूज काढून पर्समध्ये टाकला आणि निघून गेली.

सकाळी विहीर काठोकाठ नव्हती, पण अगदी पहिल्या उपशाआधी जिथे होती तिथे पुन्हा आली होती. मनालीने मोजलं, विश्वास बसेना म्हणून परत मोजलं, आणि डॉक्टरबाईंना कळवलं, "विहीर चांगली आहे. पुरेल." सौदा पक्का झाला.

भूषण आज लांबच उभा होता. "चुकलं माझं. विहिरीशीही, तुझ्याशीही."

"आणि बाईजामावशीशी?"

"वाल परत पेरून देतो म्हटलं. ती म्हणाली, तू फक्त शेतापासून लांब राहा."

आता मात्र तिला हसू आवरलं नाही.

"नुसतं 'ये' म्हणायचंस की."

"आली असतीस?"

मनालीने विचार केला. तपासल्याशिवाय उत्तर द्यायची तिला सवय नव्हती. "पहिल्या दिवशी नाही. पेरू खाल्ल्यावर... आले असते."

"मग आता म्हणतो. रविवारी ये."

"रविवारी मोजायला काही नाही."

"म्हणूनच ये."

धुकं विरत होतं. कौलांवरून दव टपटपत होतं. ती टेप गुंडाळू लागली.

"आणि वाईला गेल्यावर?"

"तिथून रोज म्हणेन."

"रोज येणार नाही मी," मनाली म्हणाली. मग टेपचं मोकळं टोक त्याच्या हातात देत, अगदी हळू, "पण तू म्हणत जा... रोज."