भिंत घुमली की आवाज तुटतो

“गेला! पुन्हा गेला!”

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला आणि पत्त्यांचा डाव जागच्या जागी थांबला. ढब्बूच्या हातात हुकमाचा एक्का होता, तरी त्यानेसुद्धा पत्ते खाली ठेवले. म्हणजे प्रकरण किती गंभीर असेल ते समजा!

खार दबकत दाराशी गेली. बारा वर्षांची ही मुलगी एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे खारच म्हणत. ढब्बू तिचा चुलतभाऊ, तेरा वर्षांचा, सुट्टीत मुक्कामाला आलेला. आणि दोघांच्या मागे सतत जो लोंबकळत असे तो खारचा धाकटा भाऊ. त्याचं नाव शेपूट.

आई कॉम्प्युटरसमोर बसली होती. कानांवर हेडफोन, बोटं कीबोर्डवर अधांतरी. पडद्यावर कॉलेजचे सर तोंड उघडं ठेवून थिजले होते. मग हेडफोनमधून बाहेर ऐकू येईल इतका मोठा, लांबलचक, खोल विहिरीतून आल्यासारखा आवाज आला, “आआआणि...” सरांचे ओठ मात्र हलत नव्हते.

खारच्या अंगावर सर्रकन काटा आला.

आईचं काम जगावेगळं होतं. दूरच्या एका कॉलेजात सहा मुलं अशी होती की त्यांना कानांनी ऐकू येत नसे. सर वर्गात शिकवत, आई घरी बसून ऐकत असे आणि शब्द तोंडातून निघाला की टाइप करत असे. ती सहा मुलं पडद्यावर वाचून शिकत. खारचे बाबा गेल्यापासून घर याच कामावर चाललं होतं. आणि गेले दोन आठवडे दिवसातून चारपाच वेळा नेट असं अंगात आल्यासारखं वागत होतं. बंद पडत नव्हतं बरं का! नुसतं रेंगाळायचं. आत्ताचा शब्द तीन-चार सेकंदांनी यायचा, तोही तुटका.

तास संपला तेव्हा आईने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. तिचे डोळे भरले होते. “एका मुलाने लिहिलंय, ‘तुम्ही थांबलात की सर नुसते ओठ हलवताना दिसतात.’ कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी परीक्षेआधीचा शेवटचा तास आहे. तोही असा झाला तर काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल.”

“काकांना विचारलंस?” खारने विचारलं.

“विचारलं की. ते म्हणतात कंपनीचा दोष.”

काका म्हणजे ढब्बूचे बाबा. दोन गल्ल्या पलीकडे राहत. घरातलं नेट त्यांनीच जोडलं होतं आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! नेटचा डबा, म्हणजे राउटर, त्यांनी भिंतीतल्या कपाटात कुलूपबंद करून ठेवला होता. किल्ली त्यांच्याच खिशात. ‘पोरं चाळे करतात’ हे त्याचं कारण.

“आज बुधवार,” खार म्हणाली. “दोन दिवस आहेत. ढब्बू, तुझा जुना लॅपटॉप काढ. आपण शोधून काढू!”

“आधी खाऊन घेऊ?”

“ढब्ब्या!”

“बरं बाई, काढतो.”

शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी खारला एक युक्ती शिकवली होती. तिला पिंग म्हणतात. लांबच्या एखाद्या कॉम्प्युटरला हाक मारायची आणि ‘ओ’ यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सेकंदाचे हजार भाग केले तर चांगल्या नेटवर वीस भागांत ‘ओ’ येते. खारने हाका सुरू केल्या. वीस, एकवीस, वीस, बावीस... आकडे शहाण्या मुलांसारखे एकाखाली एक येत राहिले.

अर्धा तास गेला. ढब्बूला डुलकी लागली. आणि शेपूट एकदम म्हणाला, “ताई, भिंत गुरगुरतेय.”

“काहीतरीच काय!”

“कान लावून बघ ना!”

खारने भिंतीला कान लावला. खरंच की! आत खोलवर काहीतरी घुमत होतं. दात भिंतीला टेकले असते तर वाजलेच असते. तिने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. वीस... एकवीस... तीनशे... नऊशे... दोन हजार... तीन हजार चारशे!

“ढब्बू, ऊठ! आलं ते!”

“कोण आलं?” ढब्बू धडपडत उठला.

कोण आलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हाक जात होती आणि ‘ओ’ इतक्या उशिरा येत होती की जणू पलीकडचा माणूस आधी विचार करत होता, यांना उत्तर द्यावं की नाही. खारने ओठ चावले आणि दुसरी हाक मारली, घरातल्याच राउटरला. ‘ओ’ लगेच आली. एक भाग, फक्त एक!

“म्हणजे घरातल्या घरात सगळं ठीक आहे,” ती पुटपुटली. “आपल्या घरातून बाहेर जायचा रस्ता कुणीतरी अडवून बसलंय.”

“कुणीतरी म्हणजे?” शेपूट तिला चिकटला.

गुरगुर थांबली. पण आकडे खाली आले नाहीत. आणखी दहा मिनिटं तसेच चढलेले राहिले आणि मग फट्‌दिशी वीस!

भिंतीमागची गुरगुर कशाची, हे कोडं ढब्बूने सोडवलं. त्याला तहान लागली आणि नळाला पाणी जोरात आलं. “पंप! काकूंचा पंप!” मालकीणकाकू तळमजल्यावर राहत. टाकी रिकामी झाली की त्या पंप लावत. दोन आठवड्यांपूर्वीच त्यांनी नवा, दणकट पंप बसवला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं कौतुक ऐकवत होत्या.

“पण पंप बंद झाल्यावरही दहा मिनिटं ते होतंच,” खार म्हणाली. “पंप त्याला फक्त जागं करतो. मग ते आपलं आपण झोपतं.”

हे वाक्य बोलून झाल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं.

तिघं भिंतीचा माग काढत जिना उतरले. पाइप त्यांच्या खोलीतून मधल्या मजल्यावर जात होता. तिथे एकच खोली होती, फोटोवाल्या आजोबांचा स्टुडिओ. आजोबा सहा महिन्यांपूर्वी मुलाकडे राहायला गेले होते आणि तेव्हापासून दाराला कुलूप होतं. दारावर धूळ, कडीवर कोळ्याचं जाळं. एवढ्यात खाली खट्‌कन बटण दाबल्याचा आवाज आला, भिंत घुमू लागली आणि दाराखालच्या फटीतून निळसर उजेड पायरीवर सांडला.

शेपटाने किंकाळी फोडली. ती ऐकून मालकीणकाकू धावत वर आल्या, उजेड पाहिला आणि भिंतीला टेकल्या.

“अगबाई! आत कोण आहे?”

“तेच बघायचंय. काकू, किल्ली द्या ना!”

काकूंनी कमरेची किल्ली काढून लांबूनच पुढे केली. “तुम्ही व्हा पुढे. मी इथेच उभी राहते. बाहेर कुणीतरी नको का?”

दार कुरकुरत उघडलं. बाहेर भर दुपार होती, पण आत काळे जाड पडदे सोडलेले. मधोमध एक रिकामी खुर्ची. तिच्यासमोर टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा उजळला होता आणि त्यात एक चेहरा होता. फ्रॉक घातलेली एक छोटी मुलगी, न हसता थेट त्यांच्याकडे बघणारी. मग ती गेली आणि एक म्हातारा आला. मग एक नवरा-नवरी. मग कुणाचं तरी तान्हं बाळ. एकामागून एक चेहरे, कुणीही न हलवता, कुणीही न बघता, रिकाम्या खुर्चीसमोर येत होते आणि जात होते.

“चला ना घरी,” ढब्बू कुजबुजला. त्याला भूकसुद्धा आठवली नाही.

खारलाही पळावंसं वाटत होतं. पण कॉलेजातल्या त्या मुलाने आईला लिहिलेलं वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं. ती एक-एक पाऊल टाकत पुढे गेली. चेहऱ्यांच्या खाली बारीक अक्षरं होती. “पाठवत आहे,” तिने वाचलं, “एकेचाळीस हजारांपैकी बारा... तेरा...”

पंप आपोआप थांबला. त्यांनी श्वास रोखून वाट पाहिली. दहा मिनिटांनी पडदा काळा झाला आणि खोलीत मिट्ट अंधार पडला.

“काकू, पुन्हा पंप लावा!” खार ओरडली. काकू आनंदाने तिथून निघून गेल्या.

भिंत घुमली. पाइपाला टेकलेलं टेबल थरथरलं. टेबलावरचा माउस एवढासा, अगदी तांदळाच्या दाण्याएवढा, सरकला. झालं! पडदा उजळला आणि तीच न हसणारी मुलगी पुन्हा त्यांच्याकडे बघू लागली.

“माउस!” खार टाळी वाजवून ओरडली. “माउस हलला की कॉम्प्युटर जागा होतो, पहिल्यापासून सगळे फोटो कुठेतरी पाठवायला लागतो आणि अख्खा रस्ता अडवतो. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की झोपतो. गेले दोन आठवडे बिचारा पहिल्या काही फोटोंच्या पुढे गेलेलाच नाही!”

“पण रस्ता आपला कसा अडवतो?” ढब्बूने विचारलं आणि मग त्यालाच उत्तर दिसलं. कॉम्प्युटरच्या मागून एक करडी वायर निघाली होती. ती भिंतीवरून चढत छतातल्या भोकातून वर गेली होती, थेट त्यांच्या घरात.

गुरुवारी संध्याकाळी काका आले. खार गोड आवाजात म्हणाली, “काका, तुमचं जोडकाम चोख असतं ना? आम्हाला शिकायचंय. एकदा कपाट उघडून दाखवा ना!”

काका फुगले. कपाट उघडलं. राउटरवर चार दिवे होते.

“ही पहिली वायर बाहेरची,” काका बोट ठेवत म्हणाले. “ही दुसरी वहिनींच्या कॉम्प्युटरची, ही तिसरी टीव्हीची...”

“आणि चौथी?”

काका मान खाजवत म्हणाले, “अरे हो! फोटोवाल्यांना दिली होती. तात्पुरती.”

“कधी?”

“झाली असतील... तीन वर्षं.”

आई हसावं की रडावं अशा चेहऱ्याने बघत राहिली. काकूंचीही झाडाझडती झाली. स्टुडिओचा मेन स्विच बंद का केला नाही? “करणारच होते,” त्या म्हणाल्या. फोटोवाल्या आजोबांना फोन लावला. ते म्हणाले, “अरे देवा! मला वाटलं माझे फोटो केव्हाच मुलाकडे पोचले!” काकांनी चौथी वायर उपटली आणि त्या रात्री सगळे निवांत झोपले.

शुक्रवारी अकराला तास सुरू झाला. आईची बोटं भरभर चालत होती. खार लॅपटॉपवर हाका मारत होती. वीस, एकवीस, वीस. वीस मिनिटं झाली आणि खाली खट्‌ झालं. भिंत घुमू लागली.

“घुमू दे,” ढब्बू आरामात म्हणाला. “आता काय होणारे?”

तीनशे. आठशे. दोन हजार.

खार कपाटाशी धावली. कुलूप! पण दाराच्या फटीतून चौथा दिवा वेड्यासारखा लुकलुकताना दिसत होता. ढब्बूने काकांना फोन लावला.

“अरे, सकाळी तुम्ही पोरं झोपेत असताना येऊन जोडली पुन्हा,” काका बाजारातून ओरडत होते. “फोटोवाल्यांना फोटो हवेत म्हणे. तात्पुरती जोडली! अकराच्या आत काढणारच होतो...”

आईच्या पडद्यावर सर थिजले. तिने वळून पाहिलं. तिचा चेहरा बघून खारला रडू फुटायला आलं.

“ढब्बू, आकड्यांवर लक्ष ठेव!” असं म्हणून ती जिन्यावरून सुसाट सुटली. काकूंकडून किल्ली हिसकावली आणि कुलूप उघडलं. या वेळी ती एकटी होती. अंधारात ती न हसणारी मुलगी हजर! मग म्हातारा. मग नवरा-नवरी. सगळे जणू विचारत होते, तू कशाला आलीस? “मला माझ्या आईचं काम वाचवायचंय,” ती मोठ्याने म्हणाली आणि टेबलाखाली शिरली.

वीज तोडली तर आजोबांचे फोटो बिघडतील अशी तिला भीती होती, म्हणून तिने नेटची वायरच ओढली. निघेना. तिचं टोक जुनाट होऊन खाचेत अडकून बसलं होतं. पुन्हा ओढली. छे! टेबलावर आजोबांची फोटो कापायची मोठी कात्री पडली होती. ही वायर विजेची नव्हे, नुसती नेटची, हे खारने बुधवारीच नीट बघून ठेवलं होतं. तिने डोळे मिटले आणि कचकन्‌ कात्री चालवली.

“वीस!” वरून ढब्बू आणि शेपूट एका सुरात किंचाळले. “वीस! एकवीस! वीस!”

भिंत अजून घुमत होती. चेहऱ्यांची रांग मात्र थांबली होती. खारने लोंबणाऱ्या वायरचा एक तुकडा कापून हातात घेतला आणि ती घरी आली. सर बोलत होते, आईची बोटं पळत होती. तीन-चार मिनिटांचं राहिलेलं सगळं तिने सरांना पुन्हा विचारून भरून काढलं होतं.

तास संपला तेव्हा काका धापा टाकत दारात उभे होते. खारच्या हातातला तुकडा बघून ते म्हणाले, “कापलीस? अगं, कापायची काय गरज होती?”

“तात्पुरती नाही, काका. कायमची कापली.”

मागून मालकीणकाकू खो-खो हसल्या. काकांचे कान लाल झाले. मग त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि खारच्या तळहातावर ठेवली. “ही आजपासून तुझ्याकडे. मी तीन वर्षांत जे बघितलं नाही ते तुम्ही तीन दिवसांत शोधलंत. चुकलं माझं.” आजोबांचे फोटो ते स्वतः हार्ड डिस्कच्या एका डबीत भरून त्यांच्या मुलाकडे पोचवणार, असंही त्यांनी कबूल केलं.

“पोरांनो, इकडे या!” आईने हाक मारली. पडद्यावर मॅडम होत्या. पुढच्या वर्षीही हे काम तुमच्याकडेच, असं त्या सांगत होत्या. मग आईने काहीतरी टाइप केलं आणि वर्गातल्या सहाही मुलांनी ते वाचलं. त्यांनी दोन्ही हात उंच केले आणि हवेत भरभर हलवायला लागले. आवाज अजिबात नव्हता.

“हे काय करतायत?” शेपटाने विचारलं.

“टाळ्या वाजवतायत,” आई म्हणाली. “तुमच्यासाठी.”

तिघांनीही हात वर केले आणि हलवत राहिले.