सेनापतीच्या पायाखालची झडप

तालीम ऐन रंगात असताना रंगमंचाची फळी सरकली आणि शिरीष बेडेकर खुर्चीसकट भुयारातून वर आले. आवाज अजिबात नाही! दिग्दर्शिका नूतन पाठमोरी उभी होती. मागून कुणी खाकरल्याबरोबर ती केवढी दचकली.

"अगं बाई! काका, सांगून तरी यायचं!"

"सांगायला जुनी झडप होती," शिरीष म्हणाले. "ती तुम्हीच काढून टाकलीत."

सांगलीच्या या नाट्यगृहातला, नटाला भुयारातून वर आणणारा उचलता पाट तेलाच्या दाबावर चाले. अरुंद वाटेतून तेल जोराने घुसलं की जुनी झडप थरथरायची आणि अशी किंचाळायची की गंभीर प्रवेशात लोक खो खो हसायचे. मग मृण्मयी सुतार ही इंजिनिअर पोरगी आपली 'कंपशोषी झडप' घेऊन आली. पाटाला जाणवणारा प्रत्येक कंप ही झडप टिपते आणि त्याच क्षणी तेलाला तेवढाच उलटा झटका देते. दोन्ही कंप एकमेकांना खाऊन टाकतात, आवाजाचा प्रश्नच उरत नाही.

शिरीषना दुःख होतं ते खुर्चीचं. हल्ली चालताना, बसताना ते ठणठणीत असत. एका जागी उभं राहिलं की मात्र पाय लटलट कापायचे. डॉक्टरांनी हात टेकले होते. उभी हयात रंगमंच गाजवलेला हा माणूस सेनापतीचं शेवटचं स्वगत आता बसून म्हणणार! "लढाईवरून आलाय की सोसायटीच्या मीटिंगवरून?" असं ते स्वतःच म्हणायचे आणि हसायचे. पहिला प्रयोग आज संध्याकाळीच होता.

तालमीत स्वगत सुरू झालं. "उठा, गड्यांनो!" म्हणताना भान हरपून शिरीष खरंच उठले. नूतन धरायला धावली, पण पाय मुळी हललेच नाहीत. स्वगत संपलं तरी स्वारी उभीच! खुशीत ते पाट सोडून पुढे आले, थांबले, आणि लटलट पुन्हा सुरू झाली. नूतनने सावरलं म्हणून बरं.

"हे काय गौडबंगाल आहे?" ती म्हणाली.

मृण्मयी भुयारातून धापा टाकत वर आली. "काका, पाट थांबला होता, तेल शांत होतं, तरी झडपेचं काम चालूच! मला वाटलं, बिघडली. ती तुमच्या पायांचा कंप पुसत होती!"

"म्हणजे तिला मी यंत्र वाटलो?"

"तिला थरथर तेवढी कळते. कुणाची, ते नाही कळत."

"ती खुर्ची उचला आधी!" नूतन ओरडली.

संध्याकाळी सेनापती ताठ उभा राहून बोलला. टाळ्या थांबेनात. शिरीष ढसाढसा रडले आणि रडताना हसतही होते.

नाट्यगृह रिकामं झालं तरी ते पाटावरच उभे होते.

"काका, तेलाचा पंप बंद करायचाय," मृण्मयी म्हणाली.

"थांब की गं जरा. नुसतं उभं राहण्यात काय सुख असतं, तुला नाही कळायचं. घरी साधा चहा करायचा तर स्टूल लागतं मला. तिथे कुठून आणू तुझी झडप?"

मृण्मयी खाली बसली, त्यांच्या पायांकडे निरखून पाहत राहिली. नारळाएवढी झडप आगपेटीएवढी करायची म्हणजे तेलाच्या वाटा केसासारख्या बारीक हव्यात, बॅटरी टाचेत बसायला हवी. जमेल? कुणी करून तर पाहिलंय?

"काका," तिने मान वर करून विचारलं, "तुमच्या बुटाचा नंबर काय?"