केवडपाड्याचं पाणी कुठे अडलं?

हिबाचा उजवा पाय चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला होता आणि तरीही तिने हातातला मोबाईल उंच धरून ठेवला होता. मागून चारुता तिला ओढत होती. चारुताचा भाऊ सुशांत मदत करायची सोडून सूचना देत होता.

"हलू नकोस, फ्रेम हलतेय!"

"फ्रेम नाही, मी बुडतेय," हिबा म्हणाली.

मे महिन्याची सुट्टी लागली आणि या तिघांनी यूट्यूबवर चॅनेल काढलं. हिबा आठवीत जाणार होती. तिच्या नानांचं, बद्रुद्दीन नानांचं, पनवेलच्या बाजारात जाळी आणि दोरखंडांचं दुकान होतं. तिथे नेहमी येणाऱ्या मालूमावशीने मुलांना केवडपाड्याला बोलावलं होतं. भरतीच्या पाण्यात चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, कशा पकडतात ते ती दाखवणार होती. पनवेलहून रिक्षाने वीस मिनिटांवर, खाडीच्या एका फाट्याला लागून असलेला हा तीस-पस्तीस घरांचा पाडा.

पण भरतीची वेळ होऊन गेली तरी फाट्यात भरतीच्या पाण्याचा थेंब नव्हता. एखाददुसरं डबकं सोडलं तर होता तो फक्त चिखल, आणि तोही भेगाळायला लागलेला.

मालूमावशी काठावर रिकामी टोपली घेऊन बसली होती. गोल जाळी तशीच कोरडी पडली होती. "आठ दिस झालं, पानी येतच नाय," ती म्हणाली. "माजं लगीन होऊन या घरात आली, तवापासून भरती कदी चुकली नाय. तुमी येनार म्हनून वाटलं, आज तरी येल."

हिबाचा पाय एकदाचा सुटला, चप्पल मात्र आतच राहिली. पण तिचं लक्ष चपलेकडे नव्हतं. खाडी काही नळ नाही की कोणीतरी बंद केली. मग पाणी गेलं कुठे?

ते शोधायला तिघं फाट्याच्या काठाकाठाने खाडीच्या दिशेने निघाले. दहा मिनिटं चालल्यावर समोर नवा रस्ता आडवा आला. जुन्या मातीच्या बांधावर भराव घालून तो रुंद केला जात होता. एका बाजूला इमारती तोडून आणलेल्या विटा, लाद्या आणि मातीचा ढीग सपाट करून त्यावर पत्र्याची केबिन उभी केली होती. तिघं रस्त्यावर चढले आणि पलीकडे पाहून जागच्या जागी थांबले.

पलीकडे खाडी काठोकाठ भरली होती. अलीकडे ठणठणाट.

"म्हणजे पाणी इथपर्यंत येतंय," चारुता हळूच म्हणाली. "पूर्वी ते बांधाखालून जात असणार. खाली मोरी असेल आणि ती या ढिगाखाली गेली असेल."

केबिनमधून अविनाश नावाचे सुपरवायझर बाहेर आले. मुलांनी विचारलं तेव्हा ते हसले. इथे मोरीबिरी कधी नव्हतीच, नकाशात तशी काही खूण नाही, आणि उन्हात फिरण्यापेक्षा घरी जाऊन अभ्यास करा, असं त्यांनी सांगितलं. सुट्टीत कसला अभ्यास, हे विचारायचं सुशांतच्या ओठावर आलं होतं, पण चारुताने त्याला कोपर मारलं.

परत आल्यावर मालूमावशीने आणखी एक काळजी सांगितली. पाड्याचं पावसाचं सगळं पाणी याच फाट्याने खाडीत जायचं. ती वाटच बंद झाली तर जूनमध्ये ते पाणी घरांत शिरणार. पाड्यातली माणसं दोनदा ठेकेदाराच्या माणसांकडे जाऊन आली होती. दोन्ही वेळा उत्तर तेच: मोरी होती याचा पुरावा आणा. पण तिची तोंडं कधीच झुडपांत दडली होती, आणि ती नेमकी कुठे आहे ते पाड्यात कोणाला सांगता येईना.

त्याच संध्याकाळी सुशांतने व्हिडिओ बनवला. सहा मिनिटांचा. त्यात ढोल होते, लाल अक्षरं होती, खाडीची लांबी-रुंदी होती, आणि पहिल्याच वाक्यात 'केवडपाड्यावर घोर अन्याय' होता. तीन दिवसांत तो एकतीस वेळा पाहिला गेला. त्यातल्या नऊ वेळा चारुता-सुशांतच्या आईने, सुनंदाकाकूंनी, पाहिला होता. चारुताने आकडे तपासले तेव्हा आणखी वाईट बातमी निघाली. बहुतेकांनी विसाव्या सेकंदाला व्हिडिओ बंद केला होता.

"लोकांना काही पडलेलीच नाही," सुशांत चिडून म्हणाला.

हिबालाही तसंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी ती नानांच्या दुकानात तोंड पाडून बसली होती. तेवढ्यात करंजा गावचा एक माणूस दोर घ्यायला आला. बस गाठायची आहे, पटकन द्या, असं तो तीनदा म्हणाला. नानांनी दोर मोजायला घेतला आणि मोजता मोजता सहज सांगायला लागले, की अशाच एका दोरावर एका तांडेलाची होडी वादळात रात्रभर टिकली होती, आणि त्या दोराचे तीन पीळ होते, त्यातले दोन तुटले होते. एवढं बोलून नाना चष्मा पुसायला थांबले. तो माणूस स्टुलावर बसला. गोष्ट संपली तेव्हा त्याची बस कधीच निघून गेली होती, आणि त्याची त्याला काही तक्रार नव्हती.

तो गेल्यावर हिबाने नानांना विचारलं, की लोक तुमचं ऐकायला बस चुकवतात, आणि आमचा व्हिडिओ वीस सेकंदही बघत नाहीत, असं का?

नानांनी तिच्या मोबाईलवर तो सहा मिनिटांचा व्हिडिओ शांतपणे शेवटपर्यंत पाहिला.

"यात मालू कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मालूमावशी त्यात नव्हतीच.

"बेटा, खाडी किती लांब आहे हे ऐकायला कोणी बसत नाही. कुणाचं तरी काहीतरी अडलंय, त्यासाठी माणूस बसतो. आणि ते सुटलं का, हे कळेपर्यंत उठत नाही. तुम्ही तर पहिल्याच वाक्यात सगळं सांगून मोकळे झालात."

हिबा धावतच चारुताच्या घरी गेली. सगळं पुन्हा करायचं, तिने सांगितलं. ढोल नको, लाल अक्षरं नकोत, आणि आपला आवाजही नको. सुशांतचा चेहरा पडला, कारण आवाज त्याचाच होता. मग म्हणाला, "ठीक आहे. पण एक शॉट माझा."

अमावस्येला उधाणाची भरती भर दुपारी होती. तिघं सकाळीच केवडपाड्याला पोचले. चारुताने आई-बाबांचे मोबाईलही आणले होते. एक मोबाईल रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला, दुसरा पाड्याकडच्या, आणि दोन्हींच्या समोर घड्याळ, अशी तिची योजना होती. मालूमावशी नेहमीसारखी टोपली घेऊन काठावर बसली. काय बोलायचं ते तिला कोणी सांगितलं नाही; मनात येईल तेव्हा ती बोलायची. ती आपली फाट्याकडे बघत राहिली. बारा वाजले, साडेबारा वाजले. खाडीकडचं पाणी दगडामागून दगड गिळत वर चढलं. पाड्याकडचा चिखल तसाच उन्हात तापत राहिला.

सुशांतचा शॉट काय आहे ते तेव्हा कळलं. रस्त्याच्या पायथ्याशी, फाट्यातल्या शेवटच्या डबक्यात, परातीएवढ्या पाण्यात, एक निवटी अडकली होती. चिखलात उड्या मारणारा तो बोटभर मासा डोळे वर काढून बसला होता. सुशांत पालथा पडून तासभर न हलता आपल्या मोबाईलवर त्याचं चित्रण करत होता. एरवी तो पाच मिनिटंही एका जागी बसत नसे.

तेवढ्यात अविनाश आले. मुलं पुन्हा आलेली पाहून ते वैतागले. हिबाने आपला मोबाईल पुढे करून अगदी अदबीने विचारलं, "काका, पाणी का येत नाही ते तुम्हीच कॅमेऱ्यासमोर सांगाल का? आम्हाला कोणी ओळखत नाही, तुमचं लोक ऐकतील."

अविनाश खुलले. शर्ट नीट करून ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले, पाठ खाडीकडे करून. "यंदा खाडीला भरतीच कमी आहे," ते ठासून म्हणाले. "पाणीच नाही, तर ते येणार कुठून?"

त्यांच्या पाठीमागे काठोकाठ भरलेली खाडी उन्हात लखलखत होती.

चारुताला खोकल्याची उबळ आली. सुशांतने तोंड चिखलाकडे वळवलं. हिबाने मात्र चेहरा सरळ ठेवून त्यांचे आभार मानले.

नवा व्हिडिओ तीन मिनिटांचा झाला. सुरुवातीला मालूमावशी रिकामी टोपली घेऊन चालत येते आणि म्हणते, "आज तरी येल पानी." मग वाट पाहणं. अर्ध्या पडद्यावर चढणारी खाडी, अर्ध्यावर कोरडा फाटा, मध्ये घड्याळ. आकसत जाणारं डबकं आणि निवटीचे डोळे. अविनाश. आणि शेवटी मालूमावशी: "पावसाचं पानी पन ह्याच वाटंनं जातं. त्याला दुसरी वाट नाय मिळाली तर ते माज्या घरात येल." खाली एकच ओळ: 'इथे मोरी होती. ती पाहिलेलं कोणी आहे का?'

पहिल्या दिवशी चारशे लोकांनी तो पाहिला. दुसऱ्या दिवशी सहा हजारांनी. कोन गावापासून उलव्यापर्यंत तो मोबाईलमधून मोबाईलमध्ये फिरला. लोक शेवटपर्यंत बघत होते आणि खाली विचारत होते: निवटीचं काय झालं? (मालूमावशीने ती ओंजळीत उचलून खाडीत सोडली होती.) चौथ्या दिवशी करंज्याहून एक निरोप आला. 'माझे आजोबा काशीराम म्हणतात, त्या मोरीचे नळ त्यांनीच बसवले. दोन नळ. उंबराच्या झाडापासून बावीस पावलं.'

हिबाने तो निरोप तीनदा वाचला आणि मग इतक्या जोरात ओरडली की नानांच्या हातातला दोर सुटला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी केवडपाड्यात जत्रेसारखी गर्दी जमली. नानाही दुकान बंद करून आले होते. व्हिडिओ इतका फिरला होता की ठेकेदाराला स्वतःचे इंजिनिअर आणि खोदायला जेसीबी पाठवणं भाग पडलं. काशीरामआजोबा नातीचा हात धरून, काठी टेकत आले. उंबर अजून उभा होता. त्याच्या बुंध्यापासून त्यांनी मोठ्याने मोजत बावीस पावलं टाकली आणि काठी जमिनीवर आपटली.

जेसीबीने खणलं. विटा निघाल्या, लाद्या निघाल्या, मग नुसती माती. आणखी खणलं. पुन्हा माती.

"बघा, सांगत होतो," अविनाश पुटपुटले. इंजिनिअरनी घड्याळ पाहिलं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. काशीरामआजोबांनी काठी पुन्हा त्याच जागी आपटली. "इथंच व्हती," ते म्हणत राहिले.

चारुता त्यांच्या पायांकडे बघत होती. काठी टेकत चालताना त्यांची पावलं वीतभर मागे-पुढे पडत होती.

"आजोबा, नळ बसवले तेव्हा तुमचं वय किती होतं?"

"तिसाचा असन."

"मग तेव्हाची पावलं लांब असतील. साहेब, तिशीतल्या माणसाला चालू द्या."

इंजिनिअर तिशीतलेच होते. मग ते स्वतःच उंबराकडे गेले आणि लांब टांगा टाकत निघाले. बाविसावं पाऊल पडलं ते थेट पत्र्याच्या केबिनच्या दारात.

केबिन हलवायला तासभर गेला. जेसीबीचा दात तिसऱ्या खेपेला खणकन कशावर तरी आपटला. माती बाजूला झाली आणि सिमेंटच्या नळाचं गोल तोंड दिसलं, विटांच्या तुकड्यांनी गच्च भरलेलं. त्याच्या शेजारी दुसरं.

साफ करता करता भरतीची वेळ झाली. आधी नळातून एक ओली रेघ आली. मग बोटभर धार. मग आत काहीतरी मोठ्याने फुटल्यासारखा आवाज झाला आणि फेसाळ, गढूळ पाण्याचा लोट फाट्यात उसळला. पाडाभर आरोळी उठली. मालूमावशी लुगडं खोचून सरळ चिखलात उतरली आणि पाणी पायाला लागलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी ते तोंडावर घेतलं.

अविनाश बराच वेळ कडेला उभे होते. मग ते मालूमावशीसमोर आले आणि म्हणाले, की काम लवकर उरकायच्या घाईत खाली न बघताच भराव टाकला, चूक झाली. ती एवढंच म्हणाली, "आता बघत जा, भाऊ."

इंजिनिअरनी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला. काशीरामआजोबांनी बोट ठेवलं तिथे त्यांनी पेनाने दोन रेघा ओढल्या आणि शेजारी 'मोरी' असं लिहिलं. "ही आमच्या कागदावर नव्हतीच," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "पावसाळ्यात घरं बुडाल्यावर कळली असती. या तीन मुलांनी आधी कळवली. शाब्बास."

नानांनी हिबाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

"पोरांनो, वर काय उभं हाव?" मालूमावशीने पाण्यातून हाक मारली. "जाळी घेऊन या. आज तुमाला चिंबोरी धरायला शिकवनार हाय."

सुशांत मोबाईल काढायला लागला. हिबाने तो त्याच्या हातातून घेतला, नानांच्या खिशात ठेवला, आणि तिघांनी एकदम पाण्यात उडी मारली.