लाल दिवा चालू असताना

यादवराव त्या शनिवारी नाशिकच्या एम. जी. रोडवर गेले ते फक्त एक वायर आणायला. एका टोकाला टेपरेकॉर्डरच्या दोन पिना, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसायची एक बारीक पिन, एवढीच वस्तू. पण चार दुकानं पालथी घातल्याशिवाय वायर घेतील तर ते यादवराव कसले! शेवटी मनासारखी मिळाली, तेव्हा ती पिशवीत न टाकता शर्टाच्या खिशात ठेवून ते मखमलाबादच्या बसमध्ये बसले. वाटेत दोनदा खिसा चाचपून पाहिला.

जिल्हा परिषदेत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते, पण त्यांचा खरा जन्म गेला मळ्यातल्या घराच्या मागच्या खोलीत. तिथे हिरव्या डोळ्याचा व्हॉल्वचा रेडिओ होता, स्पूलचा टेप होता, कॅसेटचे डेक होते आणि आता, दोन हजार पाच साली, कॉम्प्युटरही आला होता. नवं आलं म्हणून त्यांना जुनं कधी शिळं झालं नाही. जुन्याला नवं जोडायचं, दोघांना एकमेकांशी बोलतं करायचं आणि जमलं की एकट्यानंच हसायचं, ह्यात त्या माणसाला जे सुख मिळे ते देवाच्या दारातही मिळालं नसेल. व्हॉल्व तापले की धुळीचा एक उबदार वास सुटतो. त्या वासानं त्यांना भूक लागायची म्हणे. भूक लागायची, पण उठून ताट वाढून घ्यायचं मात्र कधी सुचलं नाही. ते काम चंद्रभागाबाईंचं.

चंद्रभागाबाई म्हणजे त्यांची बायको. पहाटे गुलाब तोडून फुलबाजारात धाडायचे, दुपारी खुरपणी आणि संध्याकाळी चूल, असा तिचा दिवस. ह्या घरात तिच्यासाठी यादवरावांनी हौसेनं केलेली वस्तू एकच होती. लाल दिवा.

मागची खोली आणि स्वयंपाकघर ह्यांच्यामध्ये भिंत एका विटेची. रेकॉर्डिंग करताना पलीकडचं भांडं वाजलं की ते टेपवर यायचं. म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या दारावर झिरोचा लाल बल्ब बसवला आणि त्याचं बटण आपल्या टेबलाशी घेतलं. लाल लागला की बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही, कुकर असेल तर उतरवायचा. पाहुण्यांना ते कौतुकानं दाखवत, "रेडिओ स्टेशनात असतो ना, अगदी तस्सा!" पाहुणे हसायचे. सुरुवातीला चंद्रभागाबाईही हसली. मग ती शिकली. बांगड्या कोपरापर्यंत वर सारायच्या म्हणजे त्या वाजत नाहीत. खोकला आला तर पदराचा बोळा तोंडात धरायचा. आणि भाकरी थापायची नाही, बोटांनी दाबून दाबून मोठी करायची. अशी भाकरी जाड होते. जेवताना यादवराव म्हणायचे, "आज जाड झाली गं." ती काही बोलायची नाही. तेव्हा तर दिवाही बंद असायचा.

नऊ वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, त्यांनी एकाचा चावीचा फोनो दुरुस्त करून दिला आणि बदल्यात एक सनईची तबकडी एका संध्याकाळपुरती मागून आणली. असली तबकडी पुन्हा मिळणार नव्हती. आपल्या जुन्या फोनोच्या कर्ण्यासमोर माइक ठेवला, कानाला हेडफोन लावला, लाल दिवा लावला. एक बाजू झाली. टेप चालूच ठेवून तबकडी उलटली, चावी दिली, दुसरी बाजू लावली. रेकॉर्डिंग झकास झालं. तोंडानं सनई गुणगुणत ते स्वयंपाकघरात चहा मागायला गेले तेव्हा चंद्रभागाबाई परातीवर आडवी पडलेली होती. गालाला बाजरीचं पीठ, बांगड्या कोपरापर्यंत चढवलेल्या. दारावरचा दिवा तसाच लाल.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. तेराव्याला त्यांची मुलगी सुवर्णा, लासलगावला दिलेली, भिंतीला टेकून बसली होती. दारावरच्या बल्बकडे बघत तिनं विचारलं, "बाबा, आईनं हाक मारली होती का?"

"नाही," यादवराव म्हणाले.

"नक्की?"

"मारली असती तर मी आलो नसतो का?"

सुवर्णा "बरं" म्हणाली. तेव्हापासून ती माहेरी सणाला येई, अर्धा दिवस बसे आणि उन्हं उतरायच्या आत निघे. बाकी मग रविवारी संध्याकाळी फोन. तब्येत बरी आहे ना, जेवलात ना, ठेवते. तेराव्यानंतर लगेच यादवरावांनी बल्बची वायर कातरून टाकली होती. बल्ब मात्र होल्डरातच राहिला आणि सनईची कॅसेट कपाटात.

ती कॅसेट त्यांनी कधी ऐकली नव्हती. पण आता त्यांना वाटू लागलं होतं, की तीच आपली साक्षीदार आहे. ती कॉम्प्युटरवर घ्यावी, स्वच्छ करावी, सीडी करून सुवर्णाच्या हातात द्यावी आणि म्हणावं, ऐक, आहे का कुठे हाक? सुखानं गेली तुझी आई. मग पोर पुन्हा राहायला येईल. ह्या एका आशेवर त्यांनी ती वायर आणली होती.

रविवारी सकाळी शेजारच्या मळ्यातल्या भागीबाई डबा घेऊन आल्या. यादवरावांच्या घरात चूल पेटत नव्हती. दळण नाही, पीठ नाही, भागीबाईंचा डबा आला तर जेवण.

"दादा, एक इचारू का?" डबा ठेवताना भागीबाई म्हणाल्या. "काल तुम्ही नाशकात गेल्ते ना? मंग सैपाकघरात लाल लाइट कशाला लावून ठिवली व्हती?"

"त्याला वायरच नाही, भागीबाई. ऊन पडलं असेल काचेवर."

"आसंल बाई. मला आपलं वाटलं, वैनी हाय का काय…" आणि पुढचं वाक्य गिळून त्या घाईनं निघून गेल्या.

यादवराव कामाला लागले. वायर जोडली, कॅसेट घातली. पडद्यावर आवाज उमटू लागला, हिरवी, थरथरती रेघ. जन्मभर कानांनी ऐकलेली गोष्ट अशी डोळ्यांनी बघायला मिळते, ह्याचं त्यांना अजून नवल वाटे. क्षणभर ते कशासाठी बसले आहेत हेसुद्धा विसरले. तबकडीची खरखर फार होती. एक बाजू संपली. मग नुसती खरखर, चावीची करकर, पुन्हा खरखर आणि मग माइकच्या अगदी जवळ, ठसठशीत, त्यांचा स्वतःचा आवाज आला, "शू!"

ते ओशाळून हसले. त्यांच्या प्रत्येक कॅसेटवर कुठे ना कुठे हे "शू" होतंच. सवयच ती. माउसनं तेवढा तुकडा निवडला आणि कापून टाकला; पडद्यावर तेवढी रेघ सपाट झाली. दुसरी बाजू सुरू झाली, संपली. हाक नव्हती. सबंध टेपवर कुठेही हाक नव्हती. त्यांना एवढं हलकं वाटलं, की डबा उघडून ते खोलीतच जेवले.

मग सफाई. त्या प्रोग्रॅमची रीत मजेशीर होती. आधी त्याला दाखवायचं, की हा बघ, हा नुसता कचरा, ह्यात कामाचं काही नाही. तो तेवढा तुकडा ओळखीचा करून घेतो आणि मग तसला कचरा सगळीकडून वेचून काढतो. यादवरावांनी त्याला दोन बाजूंमधली, "शू"च्या आधीची मोकळी जागा दाखवली. प्रोग्रॅमनं ती शिकून घेतली आणि काम उरकलं. सनई अशी निघाली, की वाजवणारा समोर बसलाय. यादवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. सीडी तयार झाली, तिच्यावर त्यांनी सुवर्णाचं नावही लिहिलं.

इथे त्यांनी उठायला हवं होतं. पण हाडाचा छंदिष्ट माणूस काढलेला कचराही चाळून बघतो. प्रोग्रॅममध्ये तशी सोय होती. काय काढलं तेवढंच ऐकवायची. त्यांनी हेडफोन नीट बसवला.

आधी नुसती खरखर आली. मग त्या खरखरीच्या तळाशी काहीतरी हललं. बांगड्या. हळूच कोपराकडे सारलेल्या. मग दाबून धरलेला श्वास आणि पिठावर बोटं दाबल्याचा मऊ आवाज. मग बोटं थांबली. परात फरशीवर जराशी सरकली. खूप वेळ काही नाही… आणि मग,

"अहो…"

यादवरावांनी आवाज वाढवला.

"अहो… जरा येता का… लय दुखतंय…"

एवढंच. त्यानंतर रेघ सपाट होती, कारण त्यानंतर जे होतं ते त्यांनीच सकाळी कापून फेकलं होतं. ते त्यांना पुन्हा ऐकायची गरज नव्हती. ते "शू" सवयीचं नव्हतं. ते उत्तर होतं.

ऐकू आलं होतं. म्हणजे कानांना आलं होतं, तोंडानं परस्पर गप्प केलं आणि मनापर्यंत काही पोचलंच नाही. ती पुढे एक अक्षर बोलली नाही. एवढ्या वर्षांची शिकवण, मोडेल कशी?

ते किती वेळ तसे बसले कोण जाणे. भारनियमनाची वेळ झाली आणि लाइट गेली. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत थांबला. मळ्यावर तिन्हीसांज उतरली होती. बाहेर पाखरं नाहीत, मोटार नाही, कुत्रं नाही. त्या शांततेत गुलाबांचा वास आत आला आणि त्यामागून दुसरा, तव्यावर टाकलेल्या बाजरीच्या भाकरीचा.

पुढच्या खोलीत फोन वाजला. रविवार होता.

भिंत चाचपत ते गेले आणि रिसीव्हर उचलला. तिथून स्वयंपाकघराचं दार समोरच दिसतं.

"हॅलो, बाबा? जेवलात का?"

"सुवर्णा," ते म्हणाले. आज सांगायचंच होतं. सीडी नाही, साक्ष नाही. पोर पुन्हा दारात पाऊल ठेवणार नाही, तरी सांगायचं होतं. "सुवर्णा, ऐक. तू तेव्हा विचारलं होतंस ना…"

दारावर लाल दिवा लागला.

आसपासच्या मळ्यांत कुठेच वीज नव्हती. बल्बची तुटकी वायर भिंतीवर लोंबत होती, ती त्या लाल उजेडात स्पष्ट दिसत होती.

"हॅलो?" सुवर्णा म्हणाली. "बाबा, बोला ना."

"बोलतोय गं! मारली होती तिनं हाक! मी ऐकली होती, मी तिला गप्प केलं…"

"हॅलो… बाबा? लाइन तर अगदी स्वच्छ आहे. खरखरसुद्धा नाही. तुमचाच आवाज का येत नाही?"

ते ओरडले. घशाच्या शिरा ताणल्या, छाती दुखली. आपलं ओरडणं त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकू येत होतं. पलीकडे सुवर्णा कानोसा घेत राहिली. मग अगदी हळू बोलली, लहानपणी अंधारात बोलायची तशी.

"बाबा… घरात कोण आलंय?"

यादवरावांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानावर दाबला.

"भाकऱ्या कोण थापतंय? केवढ्यानं थापतंय… बांगड्या वाजतायत… बाबा, हा खोकला…" तिचा आवाज फुटला. "आई?"

यादवरावांना ह्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांच्या घरात टाचणी पडली तरी कळेल अशी शांतता होती. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, "सुवर्णा, मी…" आणि त्यांच्या ओठांवर उभं, कोरडं, गार असं काहीतरी टेकलं. कानाशी, एवढ्या जवळून की श्वास लागावा, कुणीतरी म्हणालं,

"शू…"

रिसीव्हर हातातून गळून दोरीला लोंबत राहिला. त्यातून सुवर्णा "आई, आई" करून रडत होती, बोलत होती. मध्येच थांबत होती, जसं माणूस समोरच्याचं ऐकायला थांबतं. मग म्हणाली, "हो… हो गं… कळलं." आणि फोन बंद झाला.

बऱ्याच वेळानं लाइट आली, तसा लाल दिवा विझला. यादवराव भिंतीच्या आधारानं उठले, लोंबता रिसीव्हर जागेवर ठेवला आणि तोंडावर पाणी मारायला बेसिनपाशी गेले. आरशात बघितलं. नाकाखालून हनुवटीपर्यंत, दोन्ही ओठांवरून, बोटाएवढ्या रुंदीची एक सरळ रेघ उमटली होती. पिठाची. बाजरीच्या.

फोन पुन्हा वाजू लागला. सुवर्णाचाच असणार. ती रेघ पुसून फोन घ्यावा म्हणून त्यांनी हात उचलला आणि आरशात, त्यांच्या खांद्यामागे, स्वयंपाकघराच्या दारावर लाल उजेड पडला. हात होता तिथेच थांबला. फोन वाजत राहिला आणि यादवराव श्वाससुद्धा वाजू न देता उभे राहिले.