दाढेतला समुद्र

दहिवडीच्या भूमीहक्क कचेरीत आता कागद कोणी मागत नसे, दात मागत. समुद्र वर आला, किनारा बुडाला, त्या धांदलीत कागद वाहून गेले. पण दात खोटं बोलत नाही, असं शास्त्रज्ञांनी सरकारला पटवून दिलं होतं. मूल जिथलं अन्न खातं तिथल्या मातीतली मूलद्रव्यं त्याच्या पहिल्या दाढेच्या कवचात जाऊन बसतात, आणि ते कवच एकदा घट्ट झालं की जन्मभर बदलत नाही. त्याचा कण खरवडून यंत्रात घातला की माणूस काळ्या पठारावरचा की किनाऱ्यावरचा ते कळे. ह्या परीक्षेला ‘दंतसाक्ष’ म्हणत. पठाराचा निघेल तो नागरिक. किनाऱ्याचा निघेल त्याची रवानगी समुद्रावरच्या तरंगत्या वसाहतीत.

सत्तरीच्या सानिका तांडेलची दाढ समुद्राची निघाली होती.

“अगं, पण मी इथं माणगंगेच्या काठी जन्मले!” ती डॉक्टर केतकी जगदाळेला म्हणाली. “बोटीत बसवलंत तर ओकून जीव जाईल माझा.”

“तांडेल, आणि बोटीची भीती?”

“आडनावाला पोहता येतं, मला नाही.”

केतकीला हसू आलं. तिचं घराणं पठारावरचं जुनं, ही जमीन आमचीच म्हणणाऱ्यांतलं. सही करून ती मोकळी झाली असती. पण यंत्राचा आकडा तिला खटकत होता.

“आजी, किनाऱ्यावर वाढलेल्यांच्या दाढेत तिथली लाल मातीही सापडते. तुमच्यात ती नाहीच. थोडं काळं पठार आणि बाकी नुसता समुद्र. लहानपणी खायचात काय?”

सानिकाला आईची चिनीमातीची बरणी आठवली.

“मीठ,” ती म्हणाली. “माझ्या जन्माआधी आमची माणसं घाट चढून आली तेव्हा भांडीकुंडी टाकली, पण मिठागरातल्या मिठाची पोती आणली. आमच्यात उष्टावणाच्या पहिल्या घासात ते मीठ लागतं. मग मूल तीन वर्षांचं होईतो त्याच्या पेजेत तेच. आई म्हणायची, दर्या डोळ्यांना दिसत नाही, पोटात तरी जाऊ दे.”

“तरीच! मिठावाटे समुद्र दाढेत शिरला.” केतकी उठलीच. “पण प्यायलेलं पाणी मिठानं लपत नाही. समुद्रापासून आत पडणाऱ्या पावसातला ऑक्सिजन किनाऱ्यावरच्यापेक्षा जरा हलका असतो, आणि तोही दाढेत उतरतो.”

तिनं दुसरा कण तपासला. तासाभरानं बाहेर आली ती हसतच.

“पाणी पठाराचं आहे. घरी जा, आजी.”

सानिका बाकावर बसली आणि पदरात तोंड खुपसून रडता रडता हसली. मग डोळे पुसत म्हणाली, “असं दोनदा सगळ्यांचंच बघता ना?”

“नाही. कायद्यात एकदाच आहे. तुमच्या वेळी मला शंका आली म्हणून...”

“मग आधी गेले ते?”



दुसऱ्या दिवशी घरात नातीचं उष्टावण होतं. सून वल्लरीनं खिमटीची वाटी पुढे केली. “आई, मीठ तुम्ही घाला.”

सानिकानं बरणीचं झाकण उघडलं. वसाहतीतल्या भाऊबंदांनी धाडलेलं मीठ काठोकाठ भरलेलं होतं. तिनं झाकण पुन्हा लावलं.

“दुकानातलं आण.” ते कारखान्यात शुद्ध केलेलं, त्यात मिठाखेरीज कशाचीच खूण नसे.

“आणि हे?” मुलगा तेजसनं विचारलं. त्याची दंतसाक्ष अजून व्हायची होती.

“हे माझं. माझी दाढ काय आता बदलायची नाही.”

सगळे हसले. नातीनं घास गिळून ओठ चाटले. सानिकाला हायसं वाटलं. ह्या पोरीला कोणी बोटीत बसवणार नव्हतं. तिनं बरणीतला एक खडा स्वतःच्या जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

उघडले तेव्हा तेजस तिच्याकडे बघत होता. त्याचा हात गालावर होता, दाढेपाशी. तीन वर्षं त्याच्या पेजेत ह्याच बरणीतलं मीठ तिनंच घातलं होतं.